वेगळा पेला

बुधवार, १२ जानेवारी २००५. महाड, दवाखान्यात

आधी एक दुरुस्ती. शनिवारच्या पानावर मी लिहिलं आहे, 'जानूभाऊंच्या पोपटीने घात केला.' ते बरोबर नाही. तेव्हा नाकात नळी होती, हाताला सलाईन होतं, आणि कुणावर तरी ढकलायचं होतं. पोपटी गुरुवारची, कुडपणला माझं जेवण ज्यांच्याकडे असतं त्या जानूभाऊंच्या अंगणातली. पोटात कळ सोमवारपासूनच येत होती. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, कळ ओसरेपर्यंत. मुलांना वाटायचं बाई गणित आठवतायत.

शिवाय पोपटी सगळ्यांनी खाल्ली. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा — दाणे खायचे, सालं टाकायची. कुडपणची शेंबडी पोरंही जाणतात. मी सालं टाकली नाहीत. पुढ्यात ढीग दिसला तर लोक म्हणतील, बाई किती खातात! म्हणून कोवळी बघून सालंही चावून गिळली. तीन वर्षं त्या गावात शिकवते, आणि अजून पानातल्या ढिगाची लाज.

डॉक्टर म्हणाले, आतडं बंद झालं होतं. लहान आतड्याच्या शेवटाला एक जागा इतकी अरुंद आहे की पेज जाते, साल अडकतं. दादाने (माझा भाऊ बुद्धरत्न, इथे एमआयडीसीत कामाला आहे) लगेच सोपं केलं : "घाटात रस्त्याखालची मोरी पाचोळ्याने तुंबते तसं." मग दोष पाचोळ्याचा की मोरीचा? मोरीचा. म्हणून ही दुरुस्ती.

पण सुटलं! ऑपरेशनवाचून सुटलं. नळीतून हिरवं पाणी निघत राहिलं, पोट हळूहळू उतरलं. काल सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "वारा सरला का?" मी नुसती मान हलवली. आईला ते पुरेना. शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "पादली गो माजी बाय!" सगळा वॉर्ड हसला. इतकी लाज आणि इतकं बरं एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.


शुक्रवार, १४ जानेवारी

जानूभाऊ कुडपणहून आले. आत येईनात, दारातच उभे. टोपी हातात. यांनीच वाडीतल्या माणसांना घेऊन मला डोलीतून उतरवलं, खाली जीप लागेपर्यंत. वाटेत ओकले ती यांच्या खांद्यावर.

"बाय, आमच्या हातून इपरीत झालं."

मी मोरीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग आत येऊन स्टुलावर बसले.

"म्हंजे शेंगा बऱ्या व्हत्या?"

"शेंगा फार छान होत्या."

"मंग ठीक हाय." आणि पिशवीतून तिळाचे लाडू काढले. मला खायला बंदी. आईने खाल्ले.

जाताना म्हणाले, "ह्ये थंडीत झालं म्हनून वाचलो. पावसात दरड आली का वाट नाय मिळत." हे वाक्य डोक्यातून जात नाही.


रविवार, १६ जानेवारी. पोलादपूर, घरी

घरी आले. पेज, मऊ भात, वरणाचं पाणी. आई म्हणते, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवते, आत काही आवळलं असेल तर सैल पडेल. दादा म्हणाला, "आतडं बाहेर काढून बुडवायचं का?"

खिडकीत माझा पेला जागेवर आहे.

त्याबद्दल कधी लिहिलं नाही, आज लिहिते. गेल्या वर्षी पोटदुखी आणि ताप सुरू झाला, वजन उतरलं, तेव्हा आतड्याचा टीबी ठरला. नऊ महिने गोळ्या घेतल्या. डिसेंबरात संपल्या. त्या सुरू झाल्या त्याच दिवशी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं, क्षयरोग्याने आपली भांडी वेगळी ठेवावीत. आमच्या घरात भिंतीवरचं वाचता येणारी पहिली मी. जे छापलेलं असेल ते खरं, असं मी लहानपणापासून धरून चालले. घरी आले आणि माझा पेला वेगळा केला. स्टीलचा, दादाने बारावीला नाव घालून दिलेला — 'कु. साक्षी, बारावी पास'.

आईला राग येणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. माझ्या आज्याने चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यालं त्याची गोष्ट आमच्या घरात मीठमिरचीसारखी रोज असते. आई म्हणाली, "त्यांनी त्यासाठी डोकी फोडून घेतली. आनि तू ह्या घरात पेला येगळा मांडतेस?"

मी म्हटलं, आई, हे जातीचं नाही, जंतूंचं आहे. भिंतीवर लिहिलंय.

"भिंतीला काय अक्कल हाय?"

शेवटी मी ऐकलं नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. मी शनिवारी कुडपणहून उतरायचे तेव्हा पेला राखेने घासून लखलखीत ठेवलेला असायचा. वाटायचं, बोलत नाही पण तीही मनातून घाबरते. त्याने बरं वाटायचं, आणि वाईटही.


बुधवार, २ फेब्रुवारी. मुंबई

महाडच्या डॉक्टरांनी इथे पाठवलं, दुर्बिणीने आतून तपासणी झाली. आतले तुकडे तपासायला घेतले. इथल्या डॉक्टर देवश्री माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. त्यामुळे मी नको इतकं सांगितलं, फळ्याकडे तोंड करून उभं राहण्याचंही. त्यांनी तेच लिहून घेतलं.

नऊ महिने गोळ्या खाऊनही जागा अरुंदच कशी राहिली, हे त्यांना खटकतंय. मला एकच भीती. कॅन्सर. तो शब्द मी अजून कुणाजवळ उच्चारलेला नाही.


बुधवार, ९ फेब्रुवारी. मुंबईहून घरी

कॅन्सर नाही. टीबी नाही. दोनदा विचारलं.

क्रोन्स म्हणतात त्याला. आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, भरतात, पुन्हा पडतात. भरताना ती जागा आवळत जाते. असं होता होता माझं आतडं बंद झालं. शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. का, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. मुळापासून जात नाही, पण औषधांनी दाबून ठेवता येतं आणि लोक त्याच्यासकट नोकऱ्या करतात, लग्नं करतात, मुलं वाढवतात. आधीच्या डॉक्टरांचं चुकलं का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. आपल्याकडे आधी टीबीच धरावा लागतो. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी."

मग मी विचारलं, हे लागट आहे का.

"नाही. कुणाला लागत नाही."

"मग माझा वेगळा पेला..."

"कसला पेला?"

सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, पोटातला टीबी पेल्यातून नाही पसरत. तो छातीतला, खोकल्यातून. त्यालासुद्धा पेल्याने काही होत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"भिंतीवर लिहिलं होतं."

आई बाकावर बसलेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि विचारलं, "बाय, भाकरी खाईल ना ही पुढं?"

इतकंच. लागट आहे का, हे तिने मुळीच विचारलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आता लिहिताना येतंय.

तीन आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या. नुसती सूज असेल तर उतरेल, वाट मोकळी होईल. व्रण भरून निबर झाला असेल तर गोळ्यांचं काही चालणार नाही, तेवढा भाग कापून जोडावा लागेल. पुढचं पुढे. आज मी गाडीत मुंबईपासून पेणपर्यंत झोपले. वर्षभरात अशी झोप नाही.


रविवार, १३ फेब्रुवारी. कुडपण

कालपासून परत शाळेत. मुलांनी फळ्यावर 'बाईंचे स्वागत' लिहिलं, 'स्वागत' बरोबर लिहिलं.

गीताबाईंना सांगायचं ठरवूनच आले होते. जानूभाऊंच्या त्या बायको. माझं जेवण तीन वर्षं त्यांच्याकडे. टीबी ठरल्यापासून इथेही मी माझा हिरवा प्लास्टिकचा मग घेऊन जायचे, त्यातच पाणी, त्यातच चहा. कारण सांगितलं नव्हतं. टीबी म्हटलं असतं तर शाळेतून काढलं असतं असं वाटायचं, अजून कायमही झालेली नाही. म्हणून मी तो मुकाट्याने पुढे करायचे, त्या मुकाट्याने ओतायच्या.

आज सगळं सांगितलं. चूल फुंकता फुंकता त्या थांबल्या.

"म्हंजे आमच्या भांड्यांचा इटाळ नव्हता तुमाला?"

मला कळेना. विटाळ? मला?

"मंग काय वाटनार? मास्तरीन बाय शिकलेल्या, आमची भांडी चुलीवरची काळी. म्हटलं चालत नसंल. मी पन मंग ठसक्यात ऱ्हायले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आनि वरच्या वाडीतली थोरली जाव काय म्हनाली ठाव हाय? 'बरं केलंस गीते, बाईंचा पेला येगळा ठेवलास, रीत सांबाळलीस.' शाबासकी दिली मला! मी काय बोलनार? तुमी बोलायच्या नाय, मी बोलायची नाय."

मी जंतू मोजत होते, त्या माझा मान मोजत होत्या, आणि गाव तिसरंच मोजत होतं. जे माझ्या आज्याने मोडलं ते या घराच्या ओट्यावर मी माझ्या हाताने मांडून ठेवलं होतं, आणि नाव गीताबाईंचं झालं.

मी माफी मागायला गेले तर त्यांनी हातातली फुंकणी उगारली. "गप बसा. चा घ्या." चहा त्यांच्या कपात. हिरवा मग उचलून अंगणात नेऊन ठेवला. "आता ह्यात कोंबड्यास्नी पानी."

जानूभाऊ आले तर म्हणाले, "कोंबड्या शिकतील आता." खूप हसलो आम्ही. पोटात हसल्याने दुखतं, पण ते दुखणं वेगळं.


सोमवार, १४ फेब्रुवारी

एक कोंबडी मगात डोकं घालून अडकली. गीताबाईंनी सोडवली. मुलांनी वर्गात येऊन मला बातमी दिली.


गुरुवार, २४ फेब्रुवारी

भूक लागते! गोळ्यांची भूक आहे असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, पण भूक ती भूक. गाल वर आलेत. दोन दिवस नाचणीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, काही झालं नाही. वाटतं सूजच होती, उतरली.

लिहिलं खरं, पण आज जेवल्यावर बेंबीच्या उजवीकडे गुडगुड झाली आणि एक गोळा वर आला, बोटांना लागला, मग विरला. हे न लिहिता पान बंद करणं बरोबर नाही.


बुधवार, २ मार्च. मुंबईहून घरी

जागा तेवढीच अरुंद आहे. सूज उतरली, पण जागा तशीच. निबर झाली आहे.

डॉक्टर देवश्रींनी चित्र काढून दाखवलं. हा भाग कापायचा, ही दोन टोकं जोडायची. नंतर औषधं चालू. बहुतेक एकदाच सगळं जोडता येईल. क्वचित, जोड भरेपर्यंत काही महिने शौच साठायला पोटावर पिशवी लावावी लागते. "क्वचित," त्या पुन्हा म्हणाल्या. मला तेवढंच ऐकू आलं — पिशवी.

"कधी करू या?"

"मे महिन्यात. परीक्षा झाल्यावर. चौथीची मुलं आहेत..."

"तुमच्या गावाला पावसात रस्ता असतो?"

मी जानूभाऊंचं दरडीचं वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ऐका. पुन्हा बंद पडणार, हे धरून चाला. दिवस एक तर तुम्ही निवडा, नाही तर तो आतडं निवडेल. आतड्याने निवडला तर घाईत कापावं लागतं, आणि घाईत पिशवीची शक्यता वाढते. आत्ता तुमचं पोट शांत आहे, वजन वाढलंय. याहून चांगली वेळ मला दिसत नाही."

मी म्हटलं, विचार करून कळवते.

गाडीत आईने एवढंच विचारलं, "म्हंजे भाकरी खाता येईल नंतर?" येईल म्हटलं. "मंग इचार कसला?"


रविवार, ६ मार्च. पोलादपूर

परीक्षेचं कारण खरं नाही. शाळेतले पाटील गुरुजी म्हणाले, चौथीचा वर्ग मी बघतो. गीताबाई म्हणाल्या, शिमग्याला नसलात तरी पोळी ठेवीन. कुणीच अडवत नाही. मीच अडवते.

खरं हे आहे की पिशवी लागली तर पुन्हा सगळं वेगळं. वेगळी मोरी, वेगळा कपडा, वेगळं झोपणं, लोकांपासून हातभर लांब बसणं. आत्ता कुठे एका कपातून चहा प्यायला लागले होते. वर्षभर मी एकटी खिडकीत बसले होते, त्या पेल्यासारखी. परत तिथे जाऊन बसायचं धैर्य नाही. पोट बंद पडेल ते चालेल की काय, असं मन बोलतं. किती मूर्ख मन!

दादाला यातलं थोडं सांगितलं. तो म्हणाला, "पिशवीवर पन नाव घालून देईन. 'कु. साक्षी, बीए पास'." मी त्याला उशी मारली.


बुधवार, ९ मार्च. कुडपण

फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आज. एकदाच. कळ ओसरली. वळले तर तिसरीतली देवयानी म्हणाली, "बाई, सात सक बेचाळीस."


शनिवार, १२ मार्च. पोलादपूर

घरात वीस मार्चची गडबड. दरवर्षी त्या दिवशी आमच्या वाडीतली माणसं महाडच्या चवदार तळ्यावर येणाऱ्यांना पाणी वाटतात. लांबून, रात्रभर प्रवास करून लोक येतात, उन्हात रांगेत उभे असतात. आईचं काम भांड्यांचं. तिने ओटीवर सगळे पेले मांडले, प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका, हरवू नयेत म्हणून. त्यात माझा पेलाही, बारावी पास.

हात आपोआप गेला. मी तो उचलला आणि खिडकीत ठेवला. सवयीने. लागट काही नाही हे माहीत असूनही!

आईने पाहिलं. हातातली रंगाची काडी तशीच धरून बसली. मग उठून पेला परत आणला, त्याच्या बुडाला ठिपका लावला आणि बाकीच्यांत ठेवला.


रविवार, १३ मार्च

सकाळी सहज विचारलं, आई, तू तो पेला इतका लख्ख कशाला घासून ठेवायचीस?

म्हणाली, "प्यालेला पेला घासायला नको?"

कोण प्यायचं?

"मी. तू वर कुडपनला गेलीस का रोज सकाळचा चा त्यातच प्यायची. नऊ महिने. तू येगळा मांडलास, मी मांडून दिला नाय."

तेव्हा टीबी नाही हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी बूथवरून डॉक्टर देवश्रींना फोन केला. वीस तारखेला तळ्यावर आईशेजारी उभी राहून पाणी वाटणार, त्या पेल्यासकट. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनसाठी भरती. सोमवार, २१ मार्च.